डब्यामागची बारीक अक्षरं

"वाचता येतं ना तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं, आणि जैनोद्दीन "न्हाय" म्हणाला. झालं ते एवढंच. डॉक्टर अण्णाराव जीपमध्ये एक पाय टाकून उभे होते, मागं बर्फाच्या पेटीत लशीच्या बाटल्या किणकिणत होत्या. बेंबळीकडं बुळकांडीनं जनावरं पटापट मरत होती आणि डॉक्टरांना ऊन चढायच्या आत पोचायचं होतं. त्यांनी उत्तर नीट ऐकलंही नसावं. "बरं, मग कुणाकडून तरी वाचून घ्या. सगळं डब्यावर लिहिलेलं असतं," असं म्हणत ते बसले आणि जीप धुरळ्यात गेली. जैनोद्दीन गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवर तसाच उभा राहिला. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात या प्रश्नाला हे उत्तर त्यानं कधी दिलं नव्हतं. आणि आज ते इतक्या सहज आलं, जणू कित्येक वर्षं जिभेखाली धरलेला खडा आपसूक बाहेर पडावा. डॉक्टरांनी 'इंग्रजी' हा शब्द उच्चारलाच नव्हता. त्यांनी नुसतं विचारलं होतं, वाचता येतं का. आणि तो नाही म्हणाला होता.

उस्मानाबादेत दर्ग्यामागच्या गल्लीत चार म्हातारी माणसं त्याला अजूनही मुन्शीजी म्हणत. एके काळी हैदराबादेहून आलेलं पत्र असो, तहसीलचं समन्स असो, की फौजेत गेलेल्या पोराचं दोन ओळींचं कार्ड असो, ते आधी जैनोद्दीनच्या ओट्यावर यायचं. तो ते मोठ्यानं वाचायचा, आणि असा वाचायचा की पत्र लिहिणारा स्वतःच चपला काढून ओट्यावर येऊन बसला आहे असं बायकांना वाटायचं. उर्दू त्याच्या हाताशी पाण्यासारखी होती, फारसीचीही दोन बुकं झाली होती. मग अठ्ठेचाळीस साल आलं, निजामाचं राज्य गेलं. पुढं दोन-चार वर्षांत दवाखान्याच्या नोंदवह्या बदलल्या, हुकूम बदलले, दारावरची पाटी बदलली. त्याचं कुणी काही काढून घेतलं नाही. कंपाउंडरची नोकरी तीच, स्टूल तेच, खलबत्ता तोच. मराठी तर तो जन्मापासून बोलतच होता. अक्षरं मात्र पस्तिशीला आल्यावर शिकला, उजवीकडून डावीकडं पळायची सवय लागलेली नजर बैलासारखी वळवून वळवून. इंग्रजीच्या वाटेला तो गेलाच नाही. औषधाच्या बाटल्या तो तोंडावळ्यानं ओळखायचा. बुटकी निळी ती पोटफुगीची, उंच मानेची तपकिरी ती जखमेची, चिठ्ठीचा कोपरा फाटलेली ती डोळ्याची. एवढ्या वर्षांत एक चूक झाली नव्हती. पण आज पायरीवर उभं असताना प्रथमच त्याच्या मनात आलं. झाडताना कुणी दोन बाटल्यांच्या जागा बदलल्या असत्या तर? चिठ्ठीचा दुसरा एखादा कोपरा फाटला असता तर?

कुत्री लिंबाला बांधलेली होती. पाटबंधारे खात्याच्या इंजिनियरसाहेबांची ही डेझी, तांबूस, उंच, लांब कानांची. साहेब पोटाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला निघाले होते. येडशीला गाडीत बसायला जाता जाता कुत्री आणि डब्यांची दोन खोकी दवाखान्यात उतरवून गेले. त्यांचा मेव्हणा बोटीवर नोकरीला होता, तो परदेशातून हे डबे आणायचा. कुत्र्यांसाठी शिजवून, पत्र्यात बंद केलेलं जेवण. एका खोक्यात तांबडे डबे, दुसऱ्यात हिरवे. दवाखान्याची झाडलोट करणारी सिताबाई खराटा टेकून ते बघतच राहिली. "कुत्र्याचं जेवान, आन ते डब्यात?" ती म्हणाली. "आन ते बी शिळं होत न्हाय?" जैनोद्दीननं एक तांबडा आणि एक हिरवा डबा शेजारी शेजारी ठेवला. तांबड्या डब्यावर भाजलेल्या मांसाचा जाडजूड तुकडा काढलेला होता, त्यातून वाफ निघत होती, रस ओघळत होता; माणसाच्याही तोंडाला पाणी सुटावं असं चित्र. हिरव्यावर नुसतं एका कुत्र्याचं तोंड. निवड करायला काही अक्षरं लागत नव्हती. त्यानं तांबडा डबा फोडला.

डेझीनं वास घेतला, दोन पावलं मागं सरली आणि खाली बसली. संध्याकाळीही तेच. जनावर मालकासाठी झुरतंय, असं त्याला वाटलं. अशी गाय, असा घोडा त्यानं पुष्कळदा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तो लगदा दुधात कालवला, उकिडवा बसला आणि तळहातावर घेऊन तिच्या तोंडापुढं धरला. "खा बेटा," म्हणाला. तिनं तळहात हुंगला आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळे मिटल्यासारखे करून खाल्लं, सगळं खाल्लं, बोटांच्या बेचक्यासुद्धा चाटल्या. त्याला बरं वाटलं. मुकं जनावर आपल्या हातचं खातं याचं जे एक बारीकसं मोठेपण असतं ते त्याला वाटलं. घरी जाताना त्यानं, कुत्र्याची लाळ नापाक म्हणून, नेहमीप्रमाणं हौदावर सात वेळा हात धुतले, कपडे बदलले, आणि बायकोला, खातूनबीला, सांगितलं की साहेबाच्या कुत्रीला लळा लागला.

चौथ्या दिवशी दुपारी तिचं तोंड सुजलं. ओठ जाड झाले, डोळ्यांच्या फटी उरल्या, पोटावर तांबडे चट्टे उठले आणि ती मागच्या पायानं कान ओरबाडत लिंबाभोवती गरगर फिरू लागली. मग ओकली. पुन्हा ओकली. मग आडवी झाली, आणि तिच्या श्वासाला फाटक्या भात्यासारखा आवाज येऊ लागला. सिताबाई म्हणाली, "पान लागलं आसंल." पण सापाच्या दाताची खूण कुठं नव्हती. जैनोद्दीननं तिचे चट्टे गार पाण्यानं पुसले, आणि बेंबळीच्या एस.टी.चा कंडक्टर शिवप्पा याच्या हाती डॉक्टरांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला शिवप्पा चिठ्ठी घेऊन आला. मराठीत होती. जैनोद्दीननं ती ओठ हलवत, अक्षराला अक्षर लावत वाचली. 'डेझीस अंडे वर्ज्य आहे असे साहेब बोलले होते. कोणत्या डब्यात अंडे आहे ते पाहणे. खात्री झाल्याविना काहीही देऊ नये. मला चार दिवस निघता येत नाही. जपणे.'

त्यानं आधी अंडं शोधलं ते डब्याच्या आत. तांबडा डबा ताटात उपडा केला आणि चमच्यानं उकरून बघितलं. कुठं पांढरं दिसेना, पिवळं दिसेना. सगळा एकजीव तपकिरी गोळा. मग रिकामा डबा ठेवता ठेवता हातात फिरला आणि त्याची पाठ समोर आली. या पाच दिवसांत त्यानं ती बघितलीच नव्हती. तिथं चित्र नव्हतं, रंग नव्हता. मुंग्यांची रांग जावी तशी बारीक काळी अक्षरं होती, सात-आठ ओळी. त्यानं डबा उजेडाकडं धरला. उत्तर त्याच्या दोन बोटांमध्ये होतं आणि त्याला ते दिसतही होतं, फक्त कळत नव्हतं. लिंबाखाली कुत्रीचं पोट खाली-वर होत होतं.

मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका कमलबाई गल्लीच्या तोंडाशी राहत. मॅट्रिक झालेल्या, अकाली विधवा झालेल्या, कडक. त्याच्या निरोपावरून शाळा सुटल्यावर त्या शाळेतला शब्दकोश पिशवीत घालून दवाखान्यात आल्या, बाकावर बसल्या, आणि डबा हातात घ्यायच्या आधी त्यांनी पदराचं टोक नाकाला लावलं. त्यांच्या घरात कांदासुद्धा बाहेर चिरायचे. "द्या इकडं, वाचते मी," त्या म्हणाल्या.

"बाई," जैनोद्दीन म्हणाला, "तुम्ही वाचू नका. मला दाखवा. अंडं कसं लिहितात तेवढं."

कमलबाईंनी त्याच्याकडं बघितलं. या माणसाकडं एके काळी लोक पत्रं वाचून घ्यायला येत, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी औषधाच्या पुड्यांचा एक कागद घेतला आणि त्यावर पेन्सिलीनं तीन अक्षरं काढली. "ही ई. मग हे जी. आणि पुन्हा जी."

पहिलं अक्षर तीन दातांच्या फणीसारखं होतं. दुसरं वाकवलेल्या विळ्यासारखं, टोकाशी आत मुडपलेलं. आणि त्याच्या शेजारी त्याचाच जुळा भाऊ. फणी आणि दोन विळे. जैनोद्दीननं तांबडा डबा मांडीवर घेतला, पहिल्या ओळीच्या डाव्या टोकाला नख टेकवलं आणि निघाला. फण्या पुष्कळ होत्या. फणीपुढं कुठं काठी उभी, कुठं डोंगर, कुठं गोल. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. त्याच्या कपाळावरचा घाम डब्यावर पडला, त्यानं बाहीनं पुसला. तिसरी ओळ. चौथ्या ओळीच्या मध्यावर फणी होती, आणि तिच्यापुढं विळा, आणि विळ्यापुढं विळा. त्याचं नख तिथंच थांबलं. छातीत काहीतरी धाडकन उघडलं. सात-आठ वर्षांचा असताना मशिदीतल्या मदरशात अलिफ-बे जुळून पहिला शब्द झाला होता, तेव्हा असंच झालं होतं. निर्जीव रेघा एकाएकी बोलल्या होत्या.

"हे," तो म्हणाला. "हे ना?"

कमलबाई वाकल्या. "हेच. वाळवलेलं अंडं." नाकावरचा पदर केव्हा गळाला त्यांच्या ध्यानात आलं नाही. "बरोबर शोधलंत, जैनोद्दीनभाई."

मग हिरवा डबा. त्याच्या पाठीवर तो दोनदा फिरला, वरून खाली आणि मग खालून वर. फणीपुढं दोन विळे कुठंच नव्हते. त्यानं तिसऱ्यांदा फिरायला सुरुवात केली तेव्हा कमलबाई म्हणाल्या, "नाही त्यात. मी पण बघितलं." पण एकदा मुंग्या बोलायला लागल्यावर त्याला थांबवेना. "बाकीचं काय हाय?" त्यानं विचारलं. "तांबड्यात पहिलं काय लिहिलंय?"

"गव्हाचं पीठ. मग मक्याचं पीठ. मग पाणी. मग..." कमलबाईंनी शब्दकोश चाळला, तोंड किंचित वाकडं केलं, "मांसाचे उरलेसुरले भाग. मग चरबी, अंडं, मीठ, रंग." त्या थांबल्या. "पुढं तर मांसाचं चित्र आहे. मग मांस चौथं कसं? हा क्रम कशाचा असेल?"

जैनोद्दीनचा बाप गफार अत्तार होता, युनानी दव्याच्या पुड्या बांधणारा. दुकानात हकीमजींचे नुस्खे यायचे, आणि बाप पोराला समोर बसवून सांगायचा की बेटा, नुस्ख्यात जो दवा वरती लिहिला तो घरचा मालक; खाली येत जाशील तसतसे पाहुणे, आणि सगळ्यात खालचा तो चिमूटभर. बापाच्या हातच्या नुस्ख्यांच्या नऊ वह्या होत्या. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, फौज आली आणि गल्लीत कोण कुणाला कशावरून धरील याचा भरवसा राहिला नाही, तेव्हा एका दुपारी जैनोद्दीननं त्या नऊच्या नऊ वह्या आडात सोडल्या. त्यांत काय होतं? बनफशा होता, मुलेठी होती, गुलकंद होता. पण ज्याला वाचता येत नाही त्याला कुठलाही कागद कटासारखा दिसतो, आणि झडती घेणाऱ्यांना ती लिपी येत नव्हती. वह्या पाण्यावर थोडा वेळ तरंगल्या होत्या. मग एकेक करून बसल्या. त्यानंतर तो त्या आडाचं पाणी प्याला नव्हता. कुणी विचारलं तर खारट झालंय म्हणायचा.

"वजनाचा क्रम हाय, बाई," तो म्हणाला. "जास्त ते आधी. आमच्या अब्बांच्या नुस्ख्यात असंच असायचं."

"खात्री कशी करणार?"

ती त्याला करता येत होती. हे त्याच्या हातचं काम होतं. त्यानं तांबड्या डब्यातला गोळा औषध मोजायच्या उंच काचेच्या नळ्यात घातला, पाणी ओतलं, ढवळलं, आणि नळा खिडकीत ठेवला. दुसऱ्या नळ्यात हिरव्या डब्यातलं. तिघंही बघत बसले. सिताबाईसुद्धा खराटा टाकून उंबऱ्यावर टेकली. हळूहळू गाळ बसू लागला. तांबड्याच्या नळ्यात तळापासून चार बोटं उंच पांढुरका चिखल साचला, पिठाचा, आणि वर मांसाचे दोन-चार दोरे फिरत राहिले, लग्नात चुकून आलेल्या माणसांसारखे. हिरव्याच्या नळ्यात तळाशी दाट, गडद, रेषारेषांचं मांस बसलं; पीठ त्यावर पापुद्र्याएवढं. खिडकीतून उतरतं ऊन दोन्ही नळ्यांतून आरपार आलं होतं. डब्याच्या पुढच्या बाजूनं खोटं सांगितलं होतं, आणि त्याच डब्याच्या पाठीनं, त्याच पत्र्यावर, बारीक आवाजात खरं सांगितलं होतं. जैनोद्दीन नळ्यांकडं असा बघत राहिला की नमाजाची वेळ होत आली तरी हलला नाही. सात समुद्रांपलीकडं कुणीतरी बसून लिहिलं होतं की यात हे आहे, आणि इथं उस्मानाबादेत गुरांच्या दवाखान्याच्या खिडकीत ते तसंच निघालं होतं.

"एवढ्या जिनसा," सिताबाई म्हणाली. "आमी सरकारी दुकानातनं गहू आणतो. त्यात खडं किती, किडं किती, हे कोण लिवतं व्हय?" ती रागानं बोलली नाही, डब्याकडं बघत बोलली. कमलबाईंनी शब्दकोश मिटला, मग काहीतरी आठवून पुन्हा उघडला. "हिरव्यातलं दुसरं नाव राहिलं," त्या म्हणाल्या. पान सापडलं तेव्हा त्यांनी मान वर करून जैनोद्दीनकडं बघितलं.

"सांगा की, बाई."

"डुकराची कलेजी," त्या हळूच म्हणाल्या.

जैनोद्दीननं आपल्या हातांकडं बघितलं. उजव्या हातावर हिरव्या डब्यातला लगदा होता. तो उठला, मोरीवर गेला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. त्याला वाटलं होतं की आपल्याला संताप येईल, किळस येईल. आली थोडी. पण तिच्या आत दुसरंच काही होतं. डब्यानं लपवलं नव्हतं. त्याला कुणी फसवलं नव्हतं. त्यानं विचारलं आणि डब्यानं तोंडावर सांगितलं, अदबीनं, जागच्या जागी, दुसऱ्या क्रमांकाला. जगात इतकं सरळ बोलणारं माणूस त्याला क्वचितच भेटलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आंघोळ करून तो ओसरीवर बसला आणि खातूनबीला सगळं सांगितलं. ती कुराणशरीफ वाचायची, सुरेख वाचायची, पण त्यापलीकडं अक्षर तिला माहीत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग भाकरी तव्यावर उलटता उलटता म्हणाली, "कुत्ते कू पढना आता क्या जी?"

तो हसला. "नहीं."

"तो फिर किसके वास्ते लिखे?"

तो हसायचा थांबला. भाकरी फुगली, तिनं ती काढली, दुसरी थापली, तरी तो तसाच बसून होता. खाणाऱ्याला वाचता येत नाही. त्याला 'मला हे नको' असं सांगता येत नाही, 'यात काय आहे' असं विचारता येत नाही. आणि तरी त्याच्यासाठी कुणीतरी, त्याचं नाव माहीत नसताना, गाव माहीत नसताना, चिमूटभर मिठापर्यंत सगळं लिहून ठेवलं. मधे कुठंतरी एक वाचणारा भेटेल या भरवशावर. तो वाचणारा मी होतो, असं जैनोद्दीनच्या मनात आलं, आणि पाच दिवस मी चित्र बघत होतो. आणि मग, विजेचा लोळ उतरावा तसं दुसरं आलं. तिनं वाचलं होतं. डेझीनं पहिल्याच दिवशी डब्यावर नाक ठेवून अख्खी यादी वाचली होती, अंड्याच्या ओळीपाशी थांबली होती आणि दोन पावलं मागं सरली होती. तिला नुस्खा येत होता, क्रम येत होता. मग दुसऱ्या दिवशी तोच नुस्खा एका माणसाच्या तळहातावर आला, तेव्हा तिनं तळहात वाचला, त्याचं तोंड वाचलं, बराच वेळ वाचलं, आणि नाकाचं ऐकायचं सोडून माणसाचं ऐकलं. खातूनबीनं ताट पुढं सरकवलं तरी त्याचा हात उठेना. "क्या हुआ?" तिनं विचारलं. "कुछ नहीं," तो म्हणाला, "मेरे भरोसे पे खाई वो."

सकाळी उजाडताच तो खाटकाकडून बकऱ्याची कलेजी आणि हाडं घेऊन दवाखान्यात गेला. हिरवा डबा त्यानं समोर उभा केला आणि त्याचा नुस्खा कमलबाईंनी लिहून दिलेल्या कागदावरून एकेक करून मांडला. डुकराच्या कलेजीच्या जागी बकऱ्याची. सातू मिळाले नाहीत, तिथं ज्वारीच्या कण्या. गाजराचा हंगाम संपत आला होता, बाजारात शोधून दोन आणली. हाडांची पूड खलबत्त्यात स्वतः केली. मीठ शेवटी, चिमूटभर. स्टोव्हवर ते तासभर रटरटलं. निवल्यावर त्यानं ते परातीत घातलं, डेझीच्या पुढ्यात ठेवलं, आणि या वेळी हातानं भरवलं नाही. परातीपासून दूर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला, तोंडसुद्धा दुसरीकडं केलं. तिला वाचू दे.

डेझीचे डोळे अजून अर्धे मिटलेले होते. तिनं मान उचलली. नाक परातीच्या काठावर आलं, काठाकाठानं फिरलं, सावकाश, एकही घर न चुकवता. कलेजीपाशी थांबलं, कण्यांपाशी थांबलं, गाजर ओलांडलं. सिताबाईनं श्वास रोखून धरला होता. मग पहिल्यांदा जीभ बाहेर आली. लप्प असा आवाज झाला. मग दुसरा. जैनोद्दीन भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि नुसता आवाज ऐकत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. खाल्लेलं पोटात राहिलं. दुपारी सूज थोडी उतरली. तिसऱ्या दिवशी चट्टे फिकट झाले, आणि पाचव्या दिवशी ती लिंबावरच्या खारीवर भुंकली. अख्ख्या दवाखान्यानं कामं सोडून ते भुंकणं ऐकलं.

महिन्यानं इंजिनियरसाहेब आले, वाळलेले, काठी टेकत. डेझीनं त्यांना जवळजवळ पाडलंच. जैनोद्दीननं काही लपवलं नाही. तांबडा डबा त्यांच्यापुढं धरला, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, ह्याच्यात अंडं हाय. मला वाचता येत नव्हतं. म्या माझ्या हातानं चारलं. ती मरता मरता वाचली." साहेबांनी चष्मा वर केला, डबा डोळ्यांशी नेला. त्यांचा चेहरा हळूहळू पडला. बाकावर बसले. "जैनोद्दीन," ते म्हणाले, "मागच्या वर्षी दोनदा तिचं असंच झालं होतं. आम्ही म्हटलं, हवा लागली. डबे माझ्या घरात होते, मला वाचता येतं, आणि मी एकदाही फिरवून बघितलं नाही." कुत्री दोघांच्या मधे उभी होती, एकदा याच्याकडं बघत, एकदा त्याच्याकडं. साहेब उठताना जैनोद्दीनच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि जीपपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही.

बुळकांडी ओसरली. जैनोद्दीन रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास कमलबाईंच्या ओट्यावर पाटी घेऊन बसू लागला. गल्लीतली पोरं हसली, मग हसायची थांबली. ज्येष्ठातल्या एका बाजाराच्या दिवशी बेंबळीचा उत्तरेश्वर आपला खोंड घेऊन आला. खोंडाचं पोट गच्च, तीन दिवस वैरण सोडलेली. डॉक्टरांनी पूड लिहून दिली. जैनोद्दीननं बाटल्या उतरवल्या, प्रत्येकीची चिठ्ठी बोट फिरवत वाचली, पूड केली, गुळाच्या पाण्यात कालवली, आणि औषध पाजायच्या बांबूच्या नाळ्यात भरून आणली. उत्तरेश्वरनं खोंडाची मान वर धरली. पण जैनोद्दीननं नाळं तोंडाला लावलं नाही. तो खोंडाच्या कानाजवळ वाकला.

"ह्यात मॅगसल्फ हाय," तो म्हणाला, "ते जास्त. मग सुंठ. मग काळं मीठ. मग कुचल्याची पूड, ती एवढीशी, पण कडू हाय लई. आन गूळ, ते तोंडाला."

उत्तरेश्वरनं मान धरल्या धरल्या त्याच्याकडं बघितलं. "आवो कंपांडर, मला कशाला सांगता ही यादी? मी का पिणार हाय व्हय?"

"तुमाला न्हाय सांगत," जैनोद्दीन म्हणाला.

खोंडाचा कान एकदा फडकला आणि त्याच्याकडं वळून स्थिर झाला.